कटिशूल : कोणाचा शमतो, कोणाचा जीर्ण होतो?
पहिल्याच भेटीत करावयाचा साध्यासाध्य विचार

वैद्यकव्यवसायात दररोज ज्या तक्रारी समोर येतात, त्यांत कटिशूलाचा क्रमांक फार वरचा आहे. 'कंबर धरली', 'उसण भरली', 'चमक निघते', 'वाकलं की उठवत नाही' अशा शब्दांत रुग्ण आपले दुखणे सांगतो. आपण स्नेहन-स्वेदन करतो, गुग्गुळाचा एखादा कल्प आणि काढा देतो, तेल सुचवतो. बहुसंख्य रुग्णांना काही दिवसांत उतार पडतो. परंतु त्यांतच काही रुग्ण असे असतात की ज्यांचे दुखणे तीन महिने उलटले तरी जात नाही. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, तेथून मोठ्या शहरात, तपासण्यांमागून तपासण्या असा त्यांचा प्रवास सुरू होतो आणि घराची आर्थिक घडी विस्कटते. प्रश्न असा की, हे दोन्ही रुग्ण पहिल्या दिवशी आपल्यासमोर सारख्याच वेदनेने कण्हत बसलेले असतात. त्यांपैकी कोणाचे दुखणे शमेल आणि कोणाचे जीर्ण होईल, हे त्याच दिवशी ओळखता येईल काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा ग्रंथोक्त आणि आधुनिक अशा दोन्ही अंगांनी विचार करणार आहोत.

हा प्रश्न केवळ आपल्या भागाचा नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल, असा जागतिक व्याधिभार अभ्यासाचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कंबरदुखीसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना ती जीर्ण वेदना, ही व्याख्या आता सर्वत्र मान्य झाली आहे.

हिंगोली जिल्ह्यातील रुग्ण

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. येथील कटिशूल समजून घ्यायचा तर येथील कामांचे वर्षचक्र डोळ्यांसमोर हवे. पावसाळ्याच्या तोंडावर हळदीची लागवड होते. त्यानंतर खुरपणी, मग गड्ड्यांना मातीची भर. आठ-नऊ महिन्यांनी, साधारण जानेवारी ते मार्च या काळात पाला कापणे, कंद काढणे, वेचणे, शिजवणे आणि वाळवणे. मध्ये सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. यांतील बहुतेक कामे उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून करावी लागतात आणि त्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा असतो. पुढे तीच हळद पोत्यांतून हिंगोली-वसमतच्या बाजारात येते, तेव्हा मोंढ्यातील हमालाच्या पाठीवर भार पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची गोष्ट आणखी वेगळी. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या माणसाला कंबर दुखली म्हणून घरी बसण्याची सोय नसते.

अशा समाजात जीर्ण कटिशूलाचा अर्थ हंगामाची मजुरी बुडणे, उचल फिटू न शकणे, घरातील दुसऱ्या व्यक्तीवर, बहुधा मुलीवर, कामाचा भार पडणे असा होतो. म्हणूनच पूर्वानुमानाचा विचार येथे ग्रंथाच्या पानांपुरता राहत नाही.

महाराष्ट्रातील खेड्यांत या व्याधींचे प्रमाण मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पुण्याच्या संधिवात केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना अस्थि, संधी वा स्नायूंची तक्रार आढळली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनेही पाठ-कंबरदुखीचा गावपातळीवर अभ्यास केला आहे. रुग्णाची अक्षमता मोजणारी ओस्वेस्ट्री प्रश्नावली मराठीत तपासून घेण्याचे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या भाषेत आणि आपल्या रुग्णांवर मोजमाप करता येते, हे सिद्ध झालेले आहे.

ग्रंथदृष्टी

चिकित्सेपूर्वी साध्यासाध्यत्व ठरवावे, हा आयुर्वेदाचा पहिला दंडक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे व्याधींचे चार वर्ग सांगितले आहेत. वातव्याधिचिकित्सेत तर व्याधी नवा असताना, रुग्ण बलवान असताना आणि उपद्रव नसतानाच यत्न करावा, असा स्पष्ट संकेत आहे. सुश्रुतांच्या षट्क्रियाकालातही अखेरच्या भेदावस्थेत व्याधी दीर्घकाल अनुबंध धरतो. काळ हाच येथे निर्णायक घटक आहे.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे तीन संदर्भ आम्ही वाचकांसमोर ठेवू इच्छितो.

पहिला संदर्भ खुड्डाकचतुष्पाद अध्यायातील. चिकित्सेच्या चार पादांपैकी रुग्ण हा एक पाद. त्याचे जे चार गुण चरकांनी सांगितले, ते स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांतील अभीरुत्व, म्हणजे न घाबरणे, या गुणाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. रुग्ण भित्रा आहे की नाही, याचा चिकित्सेच्या यशाशी संबंध आहे, असे येथे सरळ म्हटले आहे.

दुसरा संदर्भ विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्यायाचा. तेथे दोन रुग्णांचे वर्णन आहे. एकाचा व्याधी गंभीर, पण सत्त्व, बल आणि शरीरसंपदा उत्तम असल्याने तो सौम्य व्याधीचा वाटतो. दुसऱ्याचा व्याधी सौम्य, पण सत्त्वादी हीन असल्याने तो गंभीर व्याधीचा भासतो. केवळ बाह्यरूप पाहून निर्णय करणारा वैद्य दोन्हीकडे फसतो. कटिशूलाच्या रुग्णांना हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा का घातली, याचे उत्तरही येथेच मिळते.

तिसरा संदर्भ अग्र्यसंग्रहातील. रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये चरकांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे. अपथ्य, काल, अग्निमांद्य या सर्वांची जाण असलेल्या आचार्यांनी या ठिकाणी मनाच्या खचण्याचे नाव घ्यावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

'आमच्या ग्रंथात हे सर्व आधीच होते' एवढे म्हणून थांबण्यासाठी हे संदर्भ दिलेले नाहीत. सूत्र सापडले, तरी ते दवाखान्यात कसे वापरावे, कोणता प्रश्न विचारावा आणि उत्तराला किती वजन द्यावे, हे ठरवण्यासाठी मोजमाप लागते. ते काम गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य संशोधकांनी चिकाटीने केले आहे.

आधुनिक संशोधनाचा मागोवा

स्कॉटलंडमधील अस्थिशल्यतज्ज्ञ गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ साली कंबरदुखीकडे केवळ मणक्याचा बिघाड म्हणून न पाहता शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती यांच्या एकत्रित दृष्टीने पाहण्याचा आग्रह धरला. १९९७ साली न्यूझीलंडमध्ये 'पिवळे झेंडे' ही संकल्पना मांडली गेली. कर्करोग, जंतुसंसर्ग, अस्थिभंग यांची सूचना देणारी लक्षणे ती 'लाल झेंडे', तर दुखणे रेंगाळण्याची सूचना देणाऱ्या मानसिक व सामाजिक गोष्टी ते 'पिवळे झेंडे'. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन लिंटन यांची ओरेब्रो प्रश्नावली याच सुमाराची. २००० साली लिंटन आणि व्लायेन यांनी भय आणि टाळाटाळ यांच्या दुष्टचक्राची सविस्तर मांडणी केली. वेदना झाली की रुग्ण घाबरतो, घाबरला की हालचाल टाळतो, हालचाल टाळली की स्नायू दुर्बल होतात आणि मन उदास होते, त्यामुळे वेदना आणखी जाणवते. अभीरुत्वाचा अभाव व्याधीला कसा पोसतो, याचे हे क्रमवार विवरणच म्हणावे लागेल.

२०१० साली रॉजर चू आणि पॉल शेकेल यांनी दहा हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या २० अभ्यासांचा आढावा घेतला. दुखण्याला सामोरे जाण्याची चुकीची रीत, हालचालीचे भय, सुरुवातीलाच दैनंदिन कामांत आलेली मोठी अक्षमता, एकूण आरोग्य खालावलेले असणे आणि मानसिक विकारांची जोड, या गोष्टी वर्षभरानंतरच्या स्थितीचे भाकीत करण्यास उपयुक्त ठरल्या. वेदनेची सुरुवातीची तीव्रता आणि पायात उतरणारी वेदना त्या मानाने कमी उपयोगाची ठरली. वय, लिंग आणि पूर्वी कंबर दुखली होती की नाही, या माहितीचा उपयोग झालाच नाही. सर्वच अभ्यास मात्र एकमुखाने बोलत नाहीत. २०१६ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या एका गणिती सूत्रात वेदनेची तीव्रता आणि पायातील वेदना यांनाही स्थान मिळाले. त्याच सूत्रात आणखी एक घटक होता. हे दुखणे टिकून राहील असे स्वतः रुग्णाला किती वाटते, हा तो घटक. रुग्णाचा स्वतःविषयीचा अंदाज वैद्याने विचारून घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

मेंदूच्या अभ्यासानेही यात भर घातली. शिकागो येथील बालिकी आणि अपकारियन यांच्या गटाने २०१२ साली सुमारे ४० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कंबरदुखी सुरू होऊन काही आठवडेच झालेल्या या रुग्णांच्या मेंदूचे चित्रण वर्षभर वारंवार करण्यात आले. जवळपास निम्म्यांचे दुखणे गेले, निम्म्यांचे राहिले. ज्यांचे राहिले, त्यांच्या मेंदूत भावना आणि प्रेरणा यांच्याशी निगडित दोन केंद्रांमधील संवाद पहिल्याच तपासणीत अधिक आढळला. वेदना जीर्ण होणे ही बाब केवळ कमरेत घडत नाही, मेंदूही त्यात सामील असतो, हा त्याचा मथितार्थ. अर्थात ही तपासणी संशोधनापुरती आहे. रुग्णाला त्यासाठी कोठे पाठवण्याचे कारण नाही.

'मणक्यात गॅप' आणि वैद्याचे शब्द

आपल्याकडे रुग्ण बहुधा स्वतःच निदान घेऊन येतो : 'मणक्यात गॅप पडलाय', 'नस दबलीय', 'गादी सरकलीय'. हे शब्द त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असतात. छायाचित्र वा एमआरआय पाहून उच्चारलेला असा एक शब्द रुग्णाच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो. वस्तुतः २०१५ साली ज्याची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चकतीची झीज विशीतील ३७ टक्के लोकांत, तर ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत आढळली. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण याच वयोगटांत अनुक्रमे ३० आणि ८४ टक्के होते. म्हणजे केस पिकावेत तशी मणक्यांची ही अवस्था वयाबरोबर येते. 'गॅप' दिसला म्हणून तोच वेदनेचे कारण, असे मानता येत नाही. रुग्णाला हे सोप्या भाषेत सांगणे हीच अनेकदा चिकित्सेची पहिली पायरी ठरते.

विश्रांतीच्या सल्ल्याचेही तसेच. 'पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहा, वाकू नका, काही उचलू नका' हा सल्ला आपल्या भागात सर्रास दिला जातो. १९९५ साली हेलसिंकी येथील अभ्यासात तीव्र कंबरदुखीचे जे रुग्ण झेपेल तेवढी नेहमीची कामे करत राहिले, ते अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सुधारले. आयुर्वेदात वातव्याधीला अतिव्यायाम वर्ज्य आहे. व्यायामशक्तीनुसार केलेली हालचाल वर्ज्य नाही. हा फरक रुग्णाला समजावून सांगितला नाही, तर पथ्याच्या नावाखाली भयच वाढीस लागते.

आधी धोक्याची लक्षणे

पूर्वानुमानाचे प्रश्न विचारण्याआधी गंभीर व्याधी नाही, याची खात्री करणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य. पुढीलपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता योग्य रुग्णालयात पाठवावे :

– लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा जाणे, गुद व जननेंद्रियाभोवतीचा भाग बधिर होणे
– दोन्ही पायांतील किंवा झपाट्याने वाढणारी दुर्बलता
– ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना (मणक्याच्या क्षयाचा विचार आपल्याकडे विसरून चालणार नाही)
– पूर्वी कर्करोग झालेला असणे
– पडणे, अपघात. तसेच वृद्धांत किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णात किरकोळ कारणाने सुरू झालेली तीव्र वेदना

पहिल्या भेटीतील नऊ प्रश्न

इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या जोनाथन हिल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'स्टार्ट बॅक' नावाची नऊ प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. ती भरण्यास काही मिनिटेच लागतात. गेल्या दोन आठवड्यांविषयीच्या या प्रश्नांचा आशय असा :

१. कंबरेचे दुखणे कधी पायात उतरले काय?
२. खांदा किंवा मानही कधी दुखली काय?
३. दुखण्यामुळे थोडेच अंतर चालता येते काय?
४. कपडे घालण्यास नेहमीपेक्षा वेळ लागतो काय?
५. अशा स्थितीत अंगमेहनत करणे धोक्याचे आहे असे वाटते काय?
६. मनात बराच वेळ काळजीचे विचार असतात काय?
७. हे दुखणे भयंकर आहे, कधीच बरे होणार नाही, असे वाटते काय?
८. एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासे झाले काय?
९. एकंदरीत हे दुखणे किती त्रासदायक वाटते?

पहिल्या आठ प्रश्नांना 'होय' असल्यास एकेक गुण. नवव्याला 'खूप' किंवा 'अतिशय' असे उत्तर असल्यास एक गुण. एकूण गुण तीन किंवा कमी असल्यास धोका अल्प. चार किंवा अधिक असल्यास शेवटच्या पाच प्रश्नांकडे स्वतंत्रपणे पाहावे. त्या पाचांत चार वा पाच गुण असल्यास धोका अधिक, अन्यथा मध्यम. शेवटचे पाच प्रश्न भय, चिंता, निराशा, विषाद आणि त्रासाची जाणीव यांचे आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. वर दिलेला आशय समजण्यापुरता आहे. ते प्रमाणित भाषांतर समजू नये.

प्रश्न विचारण्याची रीत आपल्या रुग्णाला साजेशी असावी. शेतातून आलेल्या बाईला कागद देऊन खुणा करायला सांगण्यापेक्षा, नाडी पाहता पाहता 'मावशी, रानात गेलं तर कंबर जास्त बिघडेल असं भ्या वाटतं का?', 'हे दुखणं किती दिवस राहील असं तुम्हाला वाटतं?', 'झोप लागते का?' असे विचारावे. सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर मिळणारे उत्तर आणि एकटीला विचारल्यावर मिळणारे उत्तर यांत अंतर असते. रुग्ण पुरुष असेल तर कर्जाचा, उचलीचा आणि कामाच्या मुकादमाचा विषय आपणहून काढावा लागतो. हिंगोली जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या विवंचनेची झळ सोसलेली आहे. सतत निराशेचे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोल ऐकू आले, तर कंबर बाजूला ठेवून त्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे आणि घरच्यांना सावध करणे, हे प्रथम करावे.

वर्गानुसार चिकित्सा

अल्प धोका : या रुग्णांना आश्वासन, थोडी औषधयोजना, अभ्यंग-स्वेदन आणि कामावर परतण्याचा स्पष्ट सल्ला पुरतो. येथे पंचकर्माचा मोठा घाट घालू नये. अनावश्यक उपचारांनी रुग्णाला आपला व्याधी मोठा आहे असे वाटू लागते.

मध्यम धोका : स्नेहन, स्वेदन, कटिबस्ती, अवस्थेनुसार मात्राबस्ती यांच्या जोडीला क्रमाक्रमाने वाढवलेले व्यायाम हवेत. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणे आवश्यक.

अधिक धोका : येथे शरीरचिकित्सेइतकेच सत्त्वावजयाला महत्त्व द्यावे. रुग्णाला ज्या हालचालीचे भय आहे, तीच हालचाल वैद्यासमोर हलकेच करून घ्यावी. आज पाच वेळा वाकणे, उद्या सात वेळा, असा हिशोब लिहून द्यावा. घरच्या मंडळींना बोलावून समजावावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ४९२ रुग्णांच्या चाचणीत वेदनेचा अर्थ समजावणे, निर्भयपणे हालचाल करवणे आणि जीवनशैली सुधारणे, अशा एकत्रित पद्धतीने जीर्ण कंबरदुखीच्या रुग्णांची अक्षमता मोठ्या प्रमाणात कमी झाली आणि तो लाभ वर्षभर टिकला.

दुखणे गेल्यावरही काम संपत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७०१ जणांच्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याचा नियम लावण्यात आला. न चालणाऱ्यांत निम्म्या लोकांचे दुखणे ११२ दिवसांत उलटले, तर चालणाऱ्यांत त्याला २०८ दिवस लागले. चालण्याला औषधाचा खर्च नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

औषधी दुकानदारांसाठी

जीर्ण होऊ घातलेला रुग्ण वैद्यापूर्वी अनेकदा औषधी दुकानदाराला दिसतो. जो ग्राहक दर आठ-दहा दिवसांनी तेच तेल, तीच वेदनाशामक गोळी मागतो, तो बरा होत नाही, हे दुकानदाराला कोणत्याही चाचणीविना कळते. त्याला वैद्याकडे पाठवणे ही मोठी सेवा होईल.

तीव्र अफूजन्य वेदनाशामकांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ३४७ रुग्णांच्या चाचणीत नव्या कंबरदुखी व मानदुखीवर अशा औषधाचा परिणाम नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक आढळला नाही. ट्रामाडोल २०१८ पासून आपल्या देशात अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. २०२२ साली कॅनडातील संशोधकांनी आणखी एक सूचक निरीक्षण मांडले. ज्यांची कंबरदुखी शमली, त्यांच्या रक्तात सुरुवातीला दाहाची प्रतिक्रिया जोमदार होती. आणि दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांत वेदना टिकण्याचे प्रमाण अधिक दिसले. हे केवळ निरीक्षण आहे, त्यावरून दाहशामक औषधे बंद करावीत असा निष्कर्ष काढता येणार नाही. पण गोळी दिली की काम झाले, ही समजूत तपासून पाहण्याइतके ते निश्चितच महत्त्वाचे आहे. लेबल नसलेल्या, 'एका पुडीत आराम' देणाऱ्या चूर्णांत स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. अशा पुड्या दुकानात ठेवणे म्हणजे रुग्णाशी आणि आयुर्वेदाशी एकाच वेळी केलेला द्रोह होय.

या पद्धतीच्या मर्यादा

भाकीत म्हणजे भविष्य नव्हे. २०१७ साली झालेल्या आढाव्यात असे दिसले की, या प्रश्नावल्या वेदना टिकेल की नाही हे सांगण्यात कमी पडतात. अक्षमतेचे भाकीत त्या बऱ्यापैकी करतात आणि दीर्घकाळ कामावर गैरहजर राहणारा रुग्ण मात्र उत्तम ओळखतात. शिवाय धोका ओळखला म्हणजे तो टळला असेही नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ८५१ रुग्णांच्या चाचणीत वर्गवार चिकित्सेने लाभ झाला आणि खर्चही वाचला. परंतु अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २,३०० अधिक धोक्याच्या रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांतील जवळपास निम्म्यांचे दुखणे जीर्ण झाले. फरक पडला नाही. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या की प्रश्नावली भरून घेणे सोपे, पण त्यानंतरची चिकित्सा मनापासून आणि सातत्याने होणे कठीण, असा बोध आम्हांस होतो.

आणखी एक मर्यादा आपल्या परिस्थितीची. पाश्चात्त्य देशांत आजारी रजा आणि भरपाई असते. आपल्याकडील हळद काढणाऱ्या बाईला यांपैकी काहीच नाही. ती भयामुळे काम टाळते की दुखत असूनही नाइलाजाने काम रेटते, हे ओळखणारा प्रश्न या नऊ प्रश्नांत नाही. नाइलाजाने रेटणारीला 'हालचाल करा' हा सल्ला निरुपयोगी आहे. तिला दर तासाला उठून कंबर मोकळी करणे, उकिडव्या आणि वाकून करावयाच्या कामांची आलटून-पालटून वाटणी, वजनाची पोती दोघींनी मिळून उचलणे, असे सल्ले द्यावे लागतील. हा प्रश्न आपणच तयार करून आपल्याच रुग्णांवर तपासला पाहिजे.

एक प्रस्ताव

दक्षिण मँचेस्टरमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पीटर क्रॉफ्ट यांच्या पाहणीत, कंबरदुखीच्या ९० टक्के रुग्णांनी तीन महिन्यांत डॉक्टरांकडे येणे थांबवले होते. पण वर्षभरानंतर पूर्ण बरे झालेले केवळ २५ टक्के होते. दवाखान्यात परत न आलेला रुग्ण बरा झाला असे समजण्याची सवय सर्वच व्यवसायबंधूंना असते. ही आकडेवारी त्या समजुतीला छेद देते.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक वैद्याने येत्या हळद काढणीच्या हंगामात येणाऱ्या नव्या कटिशूलाच्या पहिल्या वीस रुग्णांची नोंद ठेवावी. वय, काम, दुखणे किती दिवसांचे, सत्त्वपरीक्षा प्रवर-मध्यम-अवर, नऊ प्रश्नांची उत्तरे, रुग्णाचा स्वतःचा अंदाज आणि वैद्याचा अंदाज, एवढे एका पानावर मावते. तीन महिन्यांनी रुग्णाच्या संमतीने दूरध्वनी करून दोनच गोष्टी विचाराव्यात : दुखते काय, आणि पूर्वीचे काम करता काय? पन्नास वैद्यांनी हे केले तरी हजार रुग्णांची नोंद होईल. सत्त्वपरीक्षेवरून केलेले भाकीत अधिक अचूक की प्रश्नावलीवरून केलेले, याचे उत्तर आपल्या हाती येईल. ते आपल्या बाजूने येईलच असे नाही. पण ते आपल्याच रुग्णांचे, आपल्याच मातीतले उत्तर असेल.

अभीरुत्व हा रुग्णाचा गुण खरा. पण तो रुग्णात उत्पन्न करणे पुष्कळ अंशी वैद्याच्या वाणीवर अवलंबून असते. कंबर धरून आलेल्या माणसाला पहिल्या भेटीत आपण काय विचारतो आणि काय सांगतो, याकडे सर्व वैद्यबंधु-भगिनींनी औषधयोजनेइतक्याच काळजीने पाहावे, अशी विनंती करून हा लेख पूर्ण करतो.